पांढरा बार्बेक्यू सॉस पातळच हवा

बार्बेक्यू सॉस म्हटला की लालसर तपकिरी, गोडसर, बोटांना चिकटणारा प्रकार डोळ्यांसमोर येतो. उत्तर अलाबामात मात्र कोंबडीवर पडतो तो सॉस पांढरा, आणि तोही मेयोनीजचा. मी हंट्सव्हिलला लागून असलेल्या मॅडिसनमध्ये राहते. रेडस्टोन आर्सेनल हा लष्करी तळ, नासाचं मार्शल केंद्र आणि त्यांच्या भोवतीच्या कंपन्या यांच्यामुळे इथे आपली मंडळी बऱ्यापैकी आहेत. गणपतीत उकडीचे मोदक होतात, दिवाळीत चकल्या होतात, आणि मे ते सप्टेंबर कुणाच्या ना कुणाच्या अंगणात ग्रिल पेटलेली असते. तिथे टेबलावर हा सॉस असतोच. बरीच वर्षं मी तो विकतच्या बाटलीतून ओतून घेत होते. मग घरी करायला घेतला, आणि करता करता एक मत पक्कं झालं. याला मेयोनीजचा सॉस म्हणतात खरं, पण हा सॉस व्हिनेगरचा आणि मिऱ्यांचा आहे. त्या दोघांना मांसाला धरून ठेवायचं, एवढंच मेयोनीजचं काम. हे डोक्यात बसलं की प्रमाणं आपोआप सुचत जातात.

आमच्याकडून डिकेटर गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. टेनेसी नदीकाठचं गाव. तिथेच व्हीलर अभयारण्य आहे, हिवाळ्यात हजारोंनी सँडहिल क्रौंच उतरतात. जानेवारीत कोणी पाहुणे आले की त्यांना आधी पक्षी दाखवायचे आणि मग गावात जेवायला न्यायचं, हा आमचा ठरलेला बेत. सॉसचा जन्म याच गावातला. बॉब गिब्सन हा एल अँड एन (लुईव्हिल अँड नॅशव्हिल) रेल्वेत काम करणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी घरामागे खणलेल्या खड्ड्यात हिकरी नावाच्या झाडाची लाकडं पेटवून मांस भाजायचा आणि लोकांना खाऊ घालायचा. उंची ६ फूट ४ इंच, वजन ३०० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात १३६ किलो. म्हणून ‘बिग बॉब’. १९२५ मध्ये त्याचा हा उद्योग सुरू झाला, आणि ‘बिग बॉब गिब्सन बार-बी-क्यू’ आजही डिकेटरमध्ये चालू आहे.

त्यांची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोंबडी मधोमध चिरून दोन अर्ध्या करायच्या, मीठ लावायचं, आणि हिकरीच्या धुरावर तीनेक तास ठेवायच्या. मग विस्तवावरून उचललेली कोंबडी तशीच, वाफाळती, पांढऱ्या सॉसच्या पातेल्यात बुडवायची. वरून ओतायचं नाही, ब्रशने माखायचं नाही. पुरती बुडवून वर काढायची.

मेयोनीज का घेतलं असेल, यावर इथे ज्याचा त्याचा तर्क असतो. १९२५ च्या सुमारास बरणीतलं मेयोनीज बाजारात येऊन फार वर्षं झाली नव्हती. न्यू यॉर्कला हेलमन, आणि दक्षिणेत साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलच्या युजेनिया ड्यूकबाई. १९१७ मध्ये सैनिकांच्या छावणीत सँडविचं विकायला लागल्या, आणि त्यातून पुढे त्यांच्या मेयोनीजचा धंदा उभा राहिला. म्हणजे वस्तू नवी होती, चलती होती. पण मला वाटतं खरं कारण कोंबडीतच आहे. डुकराच्या खांद्यात चरबी भरपूर, तो दिवसभर धुरावर ठेवला तरी ओलसर राहतो. कोंबडीच्या छातीला चरबी जवळजवळ नाहीच. तीन तासांत ती वाळून लाकूड होणार. तिला वरून तेल हवं, खार हवा, आंबट हवं. मेयोनीज आणि व्हिनेगर मिळून तिन्ही देतात. शिवाय टोमॅटो आणि काकवीचा लाल सॉस निखाऱ्यांवर लावला तर साखर करपते. यात वरून साखर घातलेली नाही, आणि हा विस्तवावर जातही नाही. त्यात अलाबामा हे ब्रॉयलर कोंबड्यांच्या उत्पादनात अमेरिकेतल्या पुढच्या राज्यांपैकी एक. जिथे कोंबडी पिकते तिथे कोंबडीचा सॉस निघणार, यात नवल काय!

आता प्रत्यक्ष करण्याकडे येते.

मेयोनीज विकतचं घ्या किंवा घरचं, आधी त्यात साखर किती हे बघा. अमेरिकेत ‘मेयोनीज’ असं नाव लावायचं तर त्यात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल आणि अंड्याचा बलक असावाच लागतो, तसा नियम आहे. त्याच्याच शेजारी फळीवर ‘सॅलड ड्रेसिंग’ नावाच्या तशाच दिसणाऱ्या बरण्या असतात. त्यात तेल कमी, स्टार्च आणि साखर जास्त. त्या या कामाच्या नाहीत. इकडच्या दक्षिणी बायका त्या ड्यूकबाईंच्या नावाच्या ‘ड्यूक्स’ मेयोनीजवर अडून बसतात, त्याला कारण आहे: त्यात साखर नसते. मी घाईत असले तर तेच वापरते. घरी पाहुणे असतील तर मात्र मेयोनीज घरीच करते, कारण तेल आपल्या हातात राहतं आणि मीठही.

दोन बलक, एक छोटा चमचा डिजॉन मोहरी, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा व्हिनेगर, आणि साधारण ३०० मिली बेचव तेल. सूर्यफुलाचं किंवा कनोला चालतं. पहिल्या दाबाचं ऑलिव्ह तेल यात घालू नये. मिक्सरच्या पात्यांखाली ते कडवट होतं. अंडी कच्चीच राहणार, म्हणून मी कवचातच पाश्चराइज केलेली अंडी आणते. इथे काही दुकानांत वेगळ्या खोक्यात मिळतात, थोडी महाग पडतात. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर मी हा खर्च टाळत नाही.

उंच, अरुंद भांड्यात हातमिक्सर बुडवून हे काम अर्ध्या मिनिटात होतं. पण मला रवीसारखं हाताने फेटायला आवडतं, कारण काय चाललंय ते दिसतं. जाड बुडाचा वाडगा ओल्या फडक्यावर ठेवायचा म्हणजे तो फिरत नाही. बलक, मोहरी, मीठ, व्हिनेगर एकजीव करायचं आणि मग तेल थेंबाथेंबाने. सुरुवातीला काहीच होत नाही. पिवळं, पातळ, चकचकीत पाणी. घाई इथेच आवरायची. पाच-सहा चमचे तेल जिरलं की फेटणीचा आवाज बदलतो. आधी छपछप वाजत असते, ती जड होते. तार फिरेल तिथे रेघ उमटते आणि मिटत नाही. रंग पिवळ्यावरून सायीकडे सरकतो. तेलाचे इतके बारीक कण झालेले असतात की उजेड त्यांच्यावरून विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं त्या प्रत्येक कणाभोवती वेटोळं घालून बसतात आणि त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. इथून पुढे तेलाची बारीक धार लावली तरी चालतं.

शेवटी मेयोनीज इतकं घट्ट होतं की वाडगा तिरका केला तरी जागचं हलत नाही. आणि इथे बहुतेकांचा हात थांबतो. एवढं सुंदर घट्ट झालंय, ते पातळ कसं करायचं! वरून चार चमचे व्हिनेगर घालतात, मिरपूड भुरभुरवतात आणि त्यालाच पांढरा सॉस म्हणतात. तो सँडविचचा लेप झाला.

माझं प्रमाण असं: मेयोनीज दोन वाट्या, व्हिनेगर एक वाटी, सफरचंदाचा रस अर्धी वाटी. वर सांगितलेल्या मेयोनीजला हे साधारण १७५ मिली व्हिनेगर आणि ८५ ते ९० मिली रस असं बसतं. कागदावर ते भलतंच वाटतं. व्हिनेगर ओतताना मेयोनीज फुटेल अशी भीती असते, पण तसं होत नाही. तेलाचे कण पाण्यात तरंगत असतात. आपण फक्त पाणी वाढवतो. कणांमधलं अंतर वाढतं, सॉस वाहू लागतो, एवढंच. फक्त सुरुवातीला थोडं थोडं घालून ढवळायचं, नाहीतर गुठळ्या राहतात आणि त्या मोडायला पुन्हा मिक्सर काढावा लागतो. मेयोनीज खरं फुटतं ते उष्णतेने आणि गोठवल्याने. म्हणून हा सॉस गॅसवर चढवायचा नाही, आणि उरला म्हणून फ्रीजरमध्येही टाकायचा नाही.

दाटपणा विचाराल तर ताटात वाढलेल्या मठ्ठ्यापेक्षा जरासा दाट. पळी बुडवून काढली की पाठीवर पातळ थर राहावा आणि बाकीचा सरळ धारेने खाली यावा. एकदा मुद्दाम दोन वाडग्यांत दोन तऱ्हा केल्या, एक घट्ट आणि एक पातळ, आणि शेजारच्या आजोबांना चाखायला नेल्या. ते मूळचे डिकेटरचे, रेल्वे यार्डाच्या बाजूला वाढलेले. मला कायम ‘मॅम’ म्हणतात. मी त्यांच्या नातीच्या वयाची असले तरी. घट्ट वाडग्यात त्यांनी वेफर बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, “मॅम, हा चांगला झालाय. टोमॅटो सँडविचला लावा.” पातळ वाडग्याला मात्र त्यांनी बोटही लावलं नाही. “हा असा नुसता चाखायचा नसतो. कोंबडी कुठे आहे?”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. हा सॉस चमच्याने चाखला तर चेहरा वाकडा होतो. आंबट, खारट, मिऱ्याने चरचरणारा. त्या चवीवर विसंबून कोणी साखर वाढवतं, कोणी मध घालतं, आणि मग जेवताना सगळं मिळमिळीत लागतं. धुराचा कडवटपणा आणि कोंबडीची चरबी तोंडात असतानाच त्याचा आंबटपणा जागेवर बसतो. म्हणून मी चाखायला भाजलेल्या कोंबडीचा तुकडा नसला तर उकडलेल्या बटाट्याची फोड घेते. नुसत्या चमच्याने मी या सॉसची चव ठरवत नाही.

व्हिनेगर मी साधं, पांढरं, पाच टक्के आम्लाचं घेते. सफरचंदाचं व्हिनेगर घालणारेही खूप आहेत. ते मऊ लागतं, पण रंग पिवळट होतो आणि फळाची चव फार पुढे येते. ती चव द्यायला रस आहेच. रसाचं काम गोड करण्याचं नाही, व्हिनेगरची धार थोडी बोथट करण्याचं आहे. रस बिनसाखरेचा, गाळीव. गढूळ सायडर, म्हणजे न गाळलेला रस, घातलं तर तळाशी गाळ बसतो.

आता मिरे. यात मी अजिबात तडजोड करत नाही. डब्यातली तयार मिरपूड महिनोन्‌महिने उघडी पडून वास गमावून बसलेली असते. तिखटपणा उरतो, सुगंध जातो. माझ्याकडे आईने दिलेला पितळी खलबत्ता आहे, विमानाच्या सामानात त्याने एका साडीची जागा खाल्ली होती. त्यात अख्खे मिरे घेते आणि दोन तऱ्हांनी कुटते. अर्धे नुसते भरडायचे, तीळभर तुकडे राहिले पाहिजेत. अर्धे बारीक. बारीक पूड सॉसभर पसरते आणि मागून चरका देते. भरड तुकडे दाताखाली आले की एकदम फुटतात. वर सांगितलेल्या प्रमाणाला एक मोठा चमचा भरून मिरपूड लागते. पांढऱ्या सॉसवर काळे ठिपके दिसलेच पाहिजेत. दिसायला स्वच्छ हवा म्हणून पांढरी मिरी वापरायचं काहीजण सुचवतात. तिला मला गोठ्याचा वास येतो, मी घालत नाही.

हॉर्सरॅडिश हा माझा आवडता भाग. ते एक पांढरं, ओबडधोबड मूळ. किसून व्हिनेगरमध्ये घातलेलं बरणीत मिळतं. पहिल्यांदा बरणी उघडली तेव्हा झणका सरळ कपाळात गेला, आणि मला आजीची मोहरी फेसणं आठवलं. काकडीच्या कोशिंबिरीला किंवा लोणच्याला आजी मोहरीची पूड थोड्याशा पाण्यात घालून फेसायची, नाक हुळहुळायला लागलं की म्हणायची, “झाली.” मग लिंबू पिळायची. नंतर वाचलं तर नाकात जाणारं ते द्रव्य आपल्या मोहरीत आणि हॉर्सरॅडिशमध्ये एकच. दोन्हींत ते आयतं नसतं. पेशी चिरडल्या, ओल लागली की तयार होऊ लागतं, आणि आंबट पडलं की तिथेच थांबतं. म्हणून घरी मूळ किसणारे लोक व्हिनेगर घालण्याआधी दोन-चार मिनिटं थांबतात. जितकं थांबाल तितकं जहाल. आजी हे शाळेत न जाता करत होती.

मग एकदा हॉर्सरॅडिश नव्हतं तेव्हा फेसलेली मोहरी घालून पाहिली. झणका बरोबर आला, पण मोहरीचा किंचित कडवटपणा मागे राहिला आणि सॉस फिकट पिवळा झाला. वाईट नव्हता, पण खाणाऱ्याचं लक्ष कोंबडीवरून उठून लोणच्याकडे गेलं. तेव्हापासून हॉर्सरॅडिश दोन छोटे चमचे, निथळून, हेच ठेवलंय.

बाकीचं पटकन सांगते. लिंबाचा रस दोन छोटे चमचे, मीठ एक छोटा चमचा; पण मेयोनीज विकतचं असेल तर त्यात मीठ असतं, आधी अर्धाच घाला. केयेन मिरची पाव चमचा. आपलं ब्याडगी तिखट चवीला चालेल, पण सॉस गुलाबी होतो आणि मग पाहुणे विचारतात, हे काय. लसूण पावडर बरेच घालतात, मी नाही. वूस्टरशर सॉस तर नकोच, मातकट रंग येतो.

सगळं ढवळून बाटलीत भरायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये. हे टाळू नये. ताजा सॉस तुकड्यातुकड्याने लागतो: आधी व्हिनेगरचा भपका, मग तेल, मग मिरे. दुसऱ्या दिवशी मिऱ्यांचा अर्क उतरलेला असतो आणि भपका निवलेला असतो. मिरे तळाशी बसतात, म्हणून बाटली काचेची, रुंद तोंडाची आणि हलवायला जागा राहील इतकी रिकामी हवी. घरच्या मेयोनीजचा सॉस मी तीन-चार दिवसांत संपवते. विकतच्या मेयोनीजचा आठवडाभर आरामात राहतो.

कोंबडीशिवाय हे सगळं अर्धवट आहे, तेव्हा तीही सांगते. आमच्याकडे खड्डा नाही, साधी गोल झाकणाची कोळशाची ग्रिल आहे. कोंबडी अख्खी आणून कात्रीने पाठीचा कणा कापते, उलटी करून छातीवर तळहाताने दाब देते. कट्‌ असा आवाज आला की ती पुस्तकासारखी उघडते. मीठ आदल्या रात्री लावून फ्रीजमध्ये उघडीच ठेवते. कातडी कोरडी पडते आणि धुराखाली छान रंगते. निखारे ग्रिलच्या एका बाजूला, कोंबडी दुसऱ्या बाजूला, मांड्या निखाऱ्यांकडे आणि छाती लांब. निखाऱ्यांवर हिकरीचे दोन ठोकळे. सुरुवातीचा पांढरा, गढूळ धूर निघून जाऊ द्यायचा. निळसर, जेमतेम दिसणारा धूर सुरू झाला की झाकण लावायचं. आत १५० ते १६५ अंश सेल्सियस राहिलं तर साधारण दीड तासात होते. मसाला नाही, आलं-लसूण नाही, दही नाही. पहिल्यांदा नवऱ्याने विचारलं होतं, “नुसतं मीठ? निदान हळद तरी?” हळदही नाही.

थर्मामीटर मात्र वापरा. छातीच्या जाड भागात ७४ अंश, म्हणजे इथल्या काट्यावर १६५ फॅरेनहाइट, झाल्याशिवाय उतरवायची नाही. मांडीला ८० च्या पुढे जाऊ दिलं तर ती जास्त मऊ होते, आणि मांड्या निखाऱ्यांकडे ठेवल्या असल्याने ते आपोआप जुळतं.

कोंबडी उतरायच्या अर्धा तास आधी सॉस लागेल तेवढाच एका पसरट पातेल्यात काढून ओट्यावर ठेवते. फ्रीजमधला थंडगार सॉस असेल तर तो वर घट्ट थापल्यासारखा बसतो. बुडवून झालेला सॉस पुन्हा बाटलीत जात नाही, तो टाकायचा. म्हणून बेताने काढायचा.

आणि मग बुडवायची. चिमट्याने मांडीच्या सांध्याजवळ धरून कोंबडी पातेल्यात सोडली की बाजूने बारीक चर्र होतं. व्हिनेगरची वाफ अशी वर येते की क्षणभर श्वास रोखून मान फिरवावी लागते. उलटून दुसरी बाजू. वर उचलून धरली की सॉस पातळ असल्यामुळे सरसर निथळतो, आणि जो राहतो तो कातडीच्या उष्णतेने जवळजवळ पारदर्शक होतो. खालचा तपकिरी रंग दिसत राहतो, वर मिऱ्यांचे ठिपके. पाच मिनिटं पाटावर ठेवायची. घट्ट सॉस केला असता तर याच वेळी त्याचे पांढरे ओघळ वाळून चुन्यासारखे दिसले असते. पातळ सॉस मात्र चिरांमधून आत शिरतो. छातीचा काप केला तर कडेच्या चिरांत तो उतरलेला दिसतो.

शेजारच्या आजोबांना त्या दिवशी ताट भरून नेऊन दिलं. त्यांनी सोबतच्या साध्या पांढऱ्या ब्रेडने ताट पुसून खाल्लं आणि म्हणाले, “मॅम, व्हिनेगर अजून एक घोट चाललं असतं.” मी वाढवलेलं नाही. आमच्या घरातल्यांना एवढं पुरतं, आणि आजोबांसाठी ताटाशेजारी व्हिनेगरची छोटी बाटली ठेवते.

आमच्या गटात शाकाहारी घरं बरीच आहेत, त्यांच्यासाठी ग्रिलच्या एका कोपऱ्यावर वेगळी जाळी असते. फ्लॉवरचे जाड काप आणि सालीसकट भाजलेले लहान बटाटे या सॉसबरोबर सुरेख लागतात, कारण दोन्हींना धूर धरतो. मक्याच्या कणसाला मला तो नको वाटतो. कणीस स्वतः गोड, त्याला लिंबू-मीठ-तिखटच बरं. पनीर तर अगदीच वाया जातं. अंडं न खाणाऱ्यांसाठी एगलेस मेयोनीज घेऊन करते, त्यात हॉर्सरॅडिश थोडं जास्त. कोबी चिरून त्यात हा सॉस घातला तर इथली कोलस्लॉही होते, आणि उरलेली कोंबडी पिंजून तिच्यात घालून बनपावात भरली की दुसऱ्या दिवशीचा डबा झाला.

पुण्याच्या धाकट्या जाऊबाईंनी फोटो बघून कृती मागितली. “वहिनी, इथे सगळं मिळेल ना?” मिळतं, पण थोडं बदलावं लागतं. आपल्याकडे दुकानात जास्त करून बिनअंड्याचं मेयोनीज असतं. ते स्टार्चने घट्ट केलेलं आणि बऱ्यापैकी गोड. कच्च्या अंड्याचं घरी करायचं तर तिकडे पाश्चराइज अंडी सहज हाती लागत नाहीत, आणि उकाड्यात कच्च्या अंड्याचं मेयोनीज बाहेर ठेवणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली ती उगीच नाही. म्हणून तिला सांगितलं, विकतचं घे, लेबल वाच, साखर सगळ्यात कमी असेल ते उचल. किराणा दुकानातलं सिंथेटिक व्हिनेगर बहुधा चार टक्क्यांचं असतं, तेव्हा ते थोडं जास्त घाल. हॉर्सरॅडिशच्या जागी मोहरी फेस, पण अर्ध्या चमच्याची. मिरे मात्र तिकडचेच भारी. केरळचे जाड मिरे घेऊन घरी कुट.

तिने गॅलरीत छोट्या शेगडीवर कोळसे पेटवून कोंबडीच्या तंगड्या भाजल्या. हिकरी कुठून आणणार. आंब्याच्या वाळक्या फांदीचे तुकडे टाकले. रात्री फोन आला. “वहिनी, चमच्याने चाखला तेव्हा वाटलं तुम्ही माझी गंमत करताय. पण तंगडीवर छान लागला. मुलांनी सॉस पुन्हा मागितला.” सफरचंदाचा रस तिने घातलाच नव्हता, मेयोनीजच गोड होतं म्हणून. त्या मेयोनीजला तेच बरोबर.